न्हाणींतून वाहून जाणारी ऊब

बीडच्या इतिहासांत पाण्याची गोष्ट निघाली, कीं निजामशाहींतील खजाना विहिरीचें नांव आलेंच. मोट न लावतां भुयारी पाटांतून शेतांस पाणी पोंचविणारी ती रचना कौतुकास पात्रच आहे. परंतु घरीं आणलेलें पाणी तापवावयाचें कसें व त्याची ऊब राखावयाची कशी, हा इतिहास मात्र स्वयंपाकघरांत आणि परसांतच राहिला.

जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या. तें गोळा करणें बहुधा बायकांच्याच कपाळीं. चुलीशेजारची वैल आम्हांस मोठी शोधक बुद्धीची वाटते ती यामुळेंच. चुलींतून निसटणारी आंच आंतल्या वाटेनें तिच्याखालीं जाई आणि वेगळें लांकूड न घालतां हंड्यांतील पाणी कोमट होई. तांब्याच्या बंबानें हीच युक्ति पुढें नेली. त्याच्या पोटांतील नळकांड्यांतून वर जाणारा धूर सभोंवतींच्या पाण्यास उष्णता देऊनच बाहेर पडे. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांतील बाष्पपात्रहि याच तत्त्वावर चाले. अर्थात् हें घर असणाऱ्यांचें झालें. ऊसतोडीसाठीं दरसाल या जिल्ह्यांतून कारखान्यांकडे जाणाऱ्या कुटुंबांची चूल तीन दगडांची. तिला वैल कोठून असणार?

न्हाणींतील काटकसर मात्र पाण्यापुरतीच. सांडपाणी केळीस, अळवास जाई. त्याची ऊब मातींत. 15 लिटरांची बादली 20 अंश सेल्सिअसवरून 40 अंशांवर नेण्यास 300 किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या एका युनिटाच्या तृतीयांशाहून थोडी अधिक उष्णता लागते. मोरीशीं तें पाणी 35 अंशांवर असलें, तर यांतील पाऊण हिस्सा वाहून गेला!

1980 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत यावर एक तोड निघाली. तांब्याच्या उभ्या नळाच्या आंतल्या भिंतीस चिकटून ऊन सांडपाणी खालीं उतरतें. बाहेरून गुंडाळलेल्या नळींतून थंड पाणी वर चढतें. दोन्ही प्रवाह मिसळत नाहींत, ऊब तेवढी पलीकडे जाते. परंतु त्यासाठीं सांडणें आणि भरणें एकाच वेळीं चाललें पाहिजे. तुषारस्नानांत तें सहज साधतें. आपल्याकडे बादली आधीं भरते, अंघोळ मागून होते. अशा न्हाणींत तो नळ निव्वळ शोभेचा. सांडपाणी टाकींत अडवून, तींत बुडालेल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून दुसऱ्या बादलीचें पाणी आणतां येईल खरें. पण त्या वेटोळ्यावर बसणारा साबणाचा मळ नित्य खरवडण्याचें काम घरांत कोणाकडे येईल, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको.