आजीच्या नाचाला दाखला कुणाचा?

माझी भाची नववीत शिकते. तिच्या हायस्कुलात दर शनिवारी नाचाचा तास असतो. नाच म्हणायचं नाही, नृत्य म्हणायचं, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे नाच आमच्यात आणि नृत्य त्यांच्यात. एका शब्दात वेशीच्या आतलं आणि बाहेरचं वेगळं झालं.

पोरगी घरी येऊन गुडघे वाकवून उभी राहते. ह्याला अरैमंडी म्हणतात, मामा, म्हणते. टाचा जवळ, गुडघे बाहेर, पाठ ताठ. मग पाय आपटते. तट्ट अडवू. तीच चाल आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. मला आवडतं बघायला. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. आठ तास साच्यापुढं चालताना तुटलेला धागा ज्या चपळाईनं सांधावा लागतो ती चपळाई कुठल्याच पुस्तकात नाही, पण ती शिकावी लागते आणि अंगात मुरावी लागते. तेव्हा तंत्र म्हणजे काय ते मला बऱ्यापैकी कळतं.

गॅदरिंग आलं. पोरीनं वर्गात सांगितलं, माझी पणजी तमाशात होती, ती लावणी शिकवील. बाई म्हणाल्या, ते फडातलं नको. त्यात शास्त्र नसतं. आपण सभ्य करू. आणि गॅदरिंगला सिनेमातल्या गाण्यावर लावणी बसवली. नऊवारी भाड्यानं आणली. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पोरगी रडली नाही. तिनं मला विचारलं, मामा, शास्त्र कुणाकडं असतं?

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहितोय. शिक्षण माझं दहावी नापास. पुढचं जे काही वाचलं ते वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर. चुकलं तर सांगा, पण आधी ऐका.

पोरगी जे शिकते ते भरतनाट्यम. त्याची बाराखडी म्हणजे अडवू. ह्या अडवूंना वळण कुणी लावलं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीला तंजावरच्या दरबारात चार भाऊ होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु. देवळात आणि दरबारात नाचणाऱ्या बायांना शिकवणारे नट्टुवनार. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत कार्यक्रमाचा जो क्रम आज शाळेतली पोरगी पाठ करते, तो ह्या भावांनी लावून दिलेला. आणि ते तंजावर कुणाचं? मराठ्यांचं. दुसरा सरफोजी, भोसल्यांच्या घरातला. त्याच्या दरबारात नाचासाठी मराठीतनंसुद्धा रचना झाल्या. म्हणजे बाई ज्याला दक्षिणेकडचं पवित्र शास्त्र म्हणतात त्याच्या पायाशी आपल्या मराठीचाही एक दगड आहे. पण ती मेहनत राजाची नव्हती. राजा गादीवर बसलेला. घाम नाचणारीचा आणि लाकडावर काठी आपटून ताल देणाऱ्याचा.

त्या नाचाला तेव्हा सदिर म्हणत, दासीआट्टम म्हणत. १८५५ ला तंजावरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. आश्रय गेला. कलावंत मद्रासला पोट भरायला आले. १८९२ पासून मद्रासेत नाचाविरुद्ध चळवळ उठली. सुधारकांनी व्हाइसरॉयला आणि गव्हर्नरला अर्ज केले, असल्या कार्यक्रमांना जाऊ नका. नाचणारी म्हणजे बाजारबसवी, हे इंग्रजीत लिहून झालं.

इथं घाई करून शिव्या घालू नका, दोस्तहो. देवाला पोरी सोडण्याची चाल वाईटच होती. इचलकरंजीपासून सौंदत्तीचा डोंगर लांब नाही. यल्लम्माच्या नावानं कुणाच्या पोरी सोडल्या गेल्या ते आपल्याला कुणी शिकवायला नको. मद्रासेत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी ह्या बाईनं कायद्यासाठी झगडा केला. तिची आई स्वतः देवदासी समाजातली. १९२९ च्या दुरुस्तीनं देवळाची इनाम जमीन सेवेच्या अटीतनं सुटली. पोरी सोडण्यावर बंदी घालणारा मद्रासचा कायदा व्हायला १९४७ उजाडलं. आपल्या मुंबई इलाख्यात तो १९३४ लाच झाला होता. मूवलूर रामामिर्थम अम्माळ ही तर देवदासी म्हणूनच वाढलेली बाई. ती पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत शिरली आणि ह्या चालीविरुद्ध उभी राहिली. तेव्हा हा झगडा आतल्या बायांचाही होता. त्याला नमस्कार.

पण त्याच वर्षांत दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते बघा. ई. कृष्ण अय्यर नावाचे वकील हा नाच वाचवायला निघाले. मद्रासच्या म्युझिक अकॅडमीनं १९३१ ला कल्याणीच्या दोन मुलींचा नाच ठेवला. त्या परंपरेतल्याच. १९३२ ला त्याच अकॅडमीत ठराव झाला की ह्याला भरतनाट्यम म्हणायचं. डिसेंबर १९३५ ला रुक्मिणीदेवी अरुंडेल थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात नाचल्या. ब्राह्मण घरातली बाई. तिला शिकवलं कुणी? पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम पिळ्ळे ह्या नट्टुवनारानं. १९३६ ला तिनं कलाक्षेत्र काढलं. तास आले, अभ्यासक्रम आला, पदविका आली. बाई कर्तबगार होती, मी नाकारत नाही. पण एका पिढीच्या आत असं झालं की ज्यांच्या घरात ही विद्या होती त्या घरातल्या पोरींना पायात चाळ बांधायची लाज वाटायला लागली, आणि ज्यांच्या घरात ह्या बायांना ओट्यावर चढू देत नव्हते त्या घरातल्या पोरी फी भरून तेच शिकायला लागल्या.

एक बाई मात्र अडून राहिली. बालासरस्वती. जन्म १९१८. वीणा धनम्माळची नात. सातव्या वर्षी १९२५ ला कांचीपुरमला पहिल्यांदा नाचली. तिचं म्हणणं सरळ होतं. शृंगार धुवून काढायची काही गरज नाही, तो ह्या नाचाचा जीव आहे. तिला १९७७ ला पद्मविभूषण मिळालं, १९८४ ला ती वारली. पण शाळेच्या वर्गात जे पोचलं ते धुतलेलंच. आजही नृत्या पिळ्ळै ही त्याच समाजातली नर्तकी उघड विचारते की आमच्या बायांना बाहेर काढून आमचा नाच कसा काय तुमचा झाला? तिचा प्रश्न आणि माझ्या भाचीचा प्रश्न एकच आहे.

आणि गंमत बघा. बाई वर्गात भरतमुनीचं नाव पाठ करून घेतात. त्याच नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय की शूद्रांना वेद ऐकता येत नाहीत म्हणून सगळ्या वर्णांसाठी हा पाचवा वेद केला. आणि शेवटी शेवटी लिहिलंय की भरताच्या पोरांनी ऋषींची नक्कल केली म्हणून त्यांना शाप मिळाला, तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे पोथीच्याच हिशेबानं नाचणारे आमच्यातले. हे पान वर्गात उघडत नाहीत.

आता आपल्या घरात येऊ.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, ब्राह्मण. त्यांच्या फडाची शान होती पवळा, आपल्या महार समाजातली. कुलकर्णी शाहीर म्हणून पुस्तकात गेले. पवळा त्यांची नाचणारी म्हणून गेली. गळा तिचा, पाय तिचे, पण नाव लिहिताना पहिलं कुणाचं ते बघा. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. पुढं सुधारणेच्या अटी घालून उठवली. ज्यांचं पोट त्याच्यावर होतं त्यांना कुणी विचारलं नाही. दिल्लीत १९५३ ला संगीत नाटक अकादमी सुरू झाली. तिथं शास्त्रीय एका ओळीत आणि लोकनृत्य दुसऱ्या ओळीत बसलं. लोक म्हणजे कोण ते तुम्हाला माहीत आहे.

विठाबाई नारायणगावकर आमच्या मांगांची. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढली. १९५७ ला राष्ट्रपतींच्या हातनं मान मिळाला, १९९० ला परत मिळाला. फड चालू असताना ती बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि परत उभी राहिली, हे अख्खा महाराष्ट्र कौतुकानं सांगतो. मला त्यात कौतुक दिसत नाही. बाळंतिणीला परत उभं राहावं लागलं ह्याची लाज दिसते. २००२ ला ती गेली तेव्हा घरात दैन्य होतं. आता तिच्या नावानं सरकार पुरस्कार देतं.

ह्यामुळंच आपल्या चळवळीनं घुंगरू खाली ठेवलं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात ढोलकी राहिली, गळा राहिला, पण गवळण गेली आणि नाची गेली. १९५६ नंतर कितीतरी घरांनी फड कायमचा सोडला. बरोबर केलं. माणूस म्हणून उभं राहायचं तर दौलतजादा झेलणारा हात आधी मागं घ्यावा लागतो.

माझी चुलत आजी ढोलकीच्या फडात वीसेक वर्षं होती. उचल घेतलेली, फिटता फिटत नव्हती. मी तिला विचारलं, आजी, सोडलंस तेव्हा वाईट वाटलं? ती म्हणाली, "न्हाई लेकरा. झोपली मी. पैल्यांदा रातभर झोपली."

मग मी भाचीला म्हणालो, सोड तो नाद. आजीनंच मला गप केलं. म्हणाली, "फड सोडला मी. पाय न्हाई सोडलं."

आणि त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत पंचाहत्तर वर्षांची म्हातारी उठून उभी राहिली. भिंतीला एक हात. पोरीला म्हणाली, टाच आधी का चवडा आधी ते गाणं सांगतं, तू न्हाई सांगायचं. ढोलकी वाजत असताना चाळ बोलला पायजे, आणि गाणारणीचा शब्द आला की चाळ मुका झाला पायजे. पाय तर हलतोय, पण घुंगरू वाजत नाही. हे कसं? गुडघ्यात धरायचं. तिनं करून दाखवलं. पोरीनं आठ दिवस घासलं तरी जमलं नाही. मग म्हातारी खाली बसली आणि बसूनच एका ओळीची अदा चार वेळा केली. पहिल्यांदा रुसवा, मग थट्टा, मग वाट बघणं, आणि चौथ्यांदा फक्त थकवा. शब्द तेच. मान जराशी वळली, डोळा जरासा खाली आला, बस्स.

पोरगी मला म्हणाली, मामा, बाई ह्याला अभिनय म्हणतात. ह्याचे मार्क असतात.

मार्क असतात, हे खरंच आहे. आपल्या राज्यात दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्यांना जादा गुण मिळतात. लोककलेलाही मिळतात, पण मान्यता असलेल्या संस्थेचा दाखला लागतो. मी शाळेत गेलो. कारकुनाला म्हणालो, हिची पणजी शिकवते. तो हसला नाही, वाईटही बोलला नाही. कागद पुढं सरकवून एवढंच म्हणाला, "इथं संस्थेचा शिक्का लागतो, दादा. पणजीचा शिक्का कसा चालंल?"

सगळा इतिहास त्या चौकोनात आहे. नट्टुवनाराकडनं विद्या घेतली आणि शिक्का संस्थेचा झाला. पवळेकडनं घेतली आणि नाव शाहिराचं झालं. आजीकडनं सिनेमानं घेतली, सिनेमाकडनं शाळेनं घेतली, आणि आजीला म्हणाले तुझ्यात शास्त्र नाही.

तेव्हा आपण काय म्हणायचं? आपल्या पोरींनी नाचूच नये, असं मी म्हणणार नाही. भरतनाट्यमही शिकू नये असंही नाही. शिकावं, चांगलं शिकावं. पाय कुणाच्या बापाचे नाहीत. मागणं दोनच. वर्गात अडवू शिकवता तेव्हा तो कुणाच्या घरातनं आला तेही त्याच तासाला शिकवा. आणि ज्या बाया अजून जित्या आहेत, फडातल्या, संगीतबारीतल्या, त्यांना गॅदरिंगला हार घालायला बोलावू नका. मास्तरीण म्हणून बोलवा, हजेरीपत्रकावर नाव घाला, महिन्याला पगार द्या. बक्षीस नको. दौलतजादा पुष्कळ झाला.

आजीला हे वाचून दाखवलं. तिला पगाराचं हसू आलं. मग पोरीला जवळ घेऊन म्हणाली, "शीक बाई. पण कुणाच्या खुर्चीपुढं नको नाचू. खुर्ची बाजूला सार, मग नाच."

दाखल्याचा कागद अजून घरी आहे. शिक्क्याची जागा कोरी आहे. तिथं आजीनं अंगठा उठवलाय. शाळेनं घेतला नाही तरी आम्ही तो जपून ठेवणार आहोत.