अरुवामनै

अरुवामनै : बसून भाजी, फळे व मासळी चिरण्याचे तमिळनाडूतील घरगुती अवजार. जाड लाकडी पाट, त्यावर एका टोकाला उभे बसवलेले वाकडे लोखंडी पाते आणि बहुधा पात्याच्या शेंड्याला नारळ खवण्यासाठी दातेरी चकती, एवढीच त्याची घडण. छापील तमिळमध्ये अरिवाळ्‌मणै, चेन्नईच्या बोलण्यात अरुवामनै. महाराष्ट्रातील विळी ती हीच. उत्तर कोकणात तिला मोरळी म्हणतात, गोव्यात आदोळी, कन्नडमध्ये ईळिगेमणे, तेलुगूत कत्तिपीट, बंगालीत बोटी, ओडियात पनिकी. मुंबई-पुण्याहून चेन्नईत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला तिथल्या स्वयंपाकघरात ज्या वस्तूची ओळख करून द्यावी लागत नाही, अशी ही वस्तू आहे.

रचना व कार्य : सुरीने चिरताना पाते हलते आणि भाजी फळीवर स्थिर असते. अरुवामनैत याच्या उलट घडते. पाते जागचे हलत नाही, भाजी त्याच्यावर नेली जाते. चिरणारी व्यक्ती पाटावर एक पाय किंवा मांडी दाबून बसते. धार तिच्याकडे तोंड करून असते आणि दोन्ही हातांत धरलेली भाजी ती अंगापासून दूर, धारेवर ढकलते. ढकलण्याच्या जोराने अवजार पुढे कलंडू पाहते, त्याला शरीराचा भार आवरतो. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे फळी लागत नाही, फोडी थेट खालच्या पातेल्यात पडतात. सुरीला एका मनगटाचा जोर मिळतो, इथे दोन्ही खांद्यांचा मिळतो. सुरण, कच्चा फणस, लाल भोपळा यांसारखे दणकट जिन्नस फारसे कष्ट न घेता फुटतात, ते याच कारणाने.

पात्याचा बाक शोभेचा नाही. धार नुसती दाबली तर वस्तू चेंगरते, धार वस्तूवरून सरकली तर ती कापली जाते. वाकड्या पात्यावर भाजी पुढे नेताना ती धारेच्या निरनिराळ्या बिंदूंना तिरपी भिडत जाते आणि सरकण्याची क्रिया आपोआप होते. विळ्यालाही बाक असतो तो याचसाठी. चवळीच्या शेंगांची किंवा फरसबीची मूठभर जुडी एका हातात आवळून, दुसऱ्या हाताने पुढे सारत पोरियल या कोरड्या भाजीसाठी ती बारीक चिरणारी बाई पाहिली की या साध्या अवजारात किती विचार आहे ते कळते. फोडीची जाडी ठरवणारी पट्टी किंवा खाच त्यात नाही. माप बोटांत असते, आणि ते बोटांत यायला काही वर्षे जावी लागतात.

चेन्नईच्या स्वयंपाकातील स्थान : तमिळ स्वयंपाकात चिरण्याच्या आकाराला फार महत्त्व आहे. पोरियलला बारीक तुकडे लागतात, अवियल या मिश्र भाजीला बोटभर लांब फोडी, सांबाराला मोठ्या. हे सगळे एकाच पात्यावर होते. त्यातही केळीच्या झाडाचे दोन भाग या अवजाराची खरी परीक्षा घेतात. पहिला म्हणजे खांबाचा पांढरा गाभा, तमिळमध्ये वाळैत्तंडु. त्याची पातळ चकती कापली की चकती आणि उरलेला गाभा यांच्यामध्ये बारीक तंतू ताणले जातात. ते बोटाने गोळा करून बोटालाच गुंडाळत पुढची चकती कापायची असते. एक हात पात्याला अडकलेला असता तर हे जमले नसते. दुसरे केळफूल, वाळैप्पू. प्रत्येक फुलातला टणक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा, फुले एकत्र धरून चिरायची आणि काळी पडू नयेत म्हणून लगेच ताकाच्या पाण्यात सोडायची. लोखंडी पात्याला केळफुलाचा राप चढतो. फणस चिरताना चीक चिकटतो, म्हणून पात्याला आणि हातांना आधी तेल लावतात. कोकणातल्या वाचकाला यातले काहीही नवे वाटणार नाही.

नारळासाठी स्वतंत्र खवणीही असते; तिला तुरुवुमणै म्हणतात. पण एकाच पाटावर चिरणे आणि खवणे दोन्ही होत असल्याने बहुतेक घरांत जोडअवजारच दिसते. मरीनाच्या दक्षिणेला नोच्चिकुप्पम आणि पट्टिनप्पाक्कम भागांत मासळी विकणाऱ्या बाया मोठ्या, भक्कम अरुवामनैवर मासे साफ करून देतात. मुंबईच्या बाजारातल्या कोळणीची बैठक आणि त्यांची बैठक यांत फारसा फरक नाही.

पात्यांचा जुना इतिहास : हातात धरून कापायच्या धारेचा भारतातील शास्त्रीय शोध चेन्नईतच सुरू झाला, ही गोष्ट शहराबाहेर फारशी सांगितली जात नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना 30 मे 1863 रोजी, आजच्या विमानतळाजवळच्या पल्लावरम येथे मुरमाच्या खाणीत दगडी हातकुऱ्हाड सापडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना शहराच्या वायव्येला सुमारे 60 किमीवर अत्तिरंपाक्कम येथे अशा हत्यारांचा मोठा साठा मिळाला. चेन्नईच्या शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशनतर्फे शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी तिथे अनेक वर्षे उत्खनन केले. तिथली सर्वांत जुनी हत्यारे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची असल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. 2018 च्या संशोधनाने दाखवले की सुमारे 3,85,000 वर्षांपूर्वी तिथे जड हातकुऱ्हाडी मागे पडून गाभ्यापासून ठरवून काढलेल्या लहान, धारदार छिलक्यांची पद्धत आली होती. महाराष्ट्रात प्रवरेकाठी नेवासे येथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी 1950 च्या दशकात उजेडात आणलेली हत्यारेही अशाच छिलक्यांची आहेत. जड घाव घालणाऱ्या दगडाकडून हलक्या, बारीक धारेकडे झालेला हा प्रवास स्वयंपाकघरातील पात्याच्या इतिहासाचे पहिले प्रकरण मानायला हवे.

लोखंडाचे प्रकरण दक्षिणेकडे ताम्रपर्णीच्या काठी आदिच्चनल्लूर येथे दिसते. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर री यांनी 1899 ते 1905 या काळात तिथल्या दफनकुंभांच्या क्षेत्रात उत्खनन केले. त्यातील लोखंडी तलवारी, भाले आणि शेतीची अवजारे चेन्नईतील एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात आहेत. फूट यांचा दगडी हत्यारांचा संग्रहही याच संग्रहालयात आला.

पोलादाबाबत तमिळ प्रदेशाचे नाव जगभर झाले होते. लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत तापवायची. वनस्पतींतला कार्बन लोखंडात मुरून कठीण, उत्तम धार धरणारे पोलाद तयार होई. युरोपीय लोक त्याला वुट्झ म्हणत. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठवलेले त्याचे नमुने 1794 मध्ये लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पोहोचले. तिथले चाकू व शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी ते वापरून पाहिले आणि युरोपातील पोलादापेक्षा सरस ठरवले. पुढे स्टोडार्ट यांनी मायकेल फॅरडे यांच्याबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यांचा निबंध 1820 मध्ये प्रसिद्ध झाला. घरगुती अरुवामनैसाठी मात्र हे महागडे पोलाद नव्हते. तिचे पाते गावच्या लोहाराने साध्या लोखंडातून घडवलेले असे.

तंजावरच्या मराठी राज्याचा एक धागा इथे जोडला जातो. 1855 मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर राजवाड्याच्या शस्त्रागारातील निवडक कट्यारी, तलवारी व अंकुश एग्मोरच्या याच संग्रहालयात आले. त्यांतील कट्यारींच्या मुठींवरील जाळीकाम आणि घडाई पाहण्यासारखी आहे, आणि चेन्नईला जाणाऱ्या मराठी माणसाने ती पाहावीच. पण प्रस्तुत नोंदकाराच्या मते पात्यांच्या इतिहासात कट्यारीला मिळालेला मान विळीला मिळाला नाही, हा अन्याय आहे. कट्यार क्वचित म्यानाबाहेर येई, विळीचे पाते रोज दोन वेळा कामाला लागे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात निरनिराळ्या घाटाच्या विळ्या, खवण्या आणि अडकित्ते जपलेले आहेत. घरातल्या पात्यांना कलावस्तूंच्या रांगेत बसवणारी ती दृष्टी विरळा आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे 1996 पासून असलेल्या दक्षिणचित्र या संग्रहालयात दक्षिणेतील जुनी घरे पुन्हा उभारली असल्याने स्वयंपाकघर कसे वापरले जाई याची कल्पना येते.

धार व रिवाज : जुने पाते दगडावर घासून किंवा सहाणवाल्याकडून परजून घेतात. पायाने वा सायकलच्या पेडलने चाक फिरवत गल्लोगल्ली हिंडणारा धारवाला चेन्नईत अजून आढळतो. त्याची ‘साणै’ ही हाक ओळखीची आहे. लोखंडी पाते गंजते, म्हणून धुऊन पुसून तेलाचा हात फिरवतात. न गंजणाऱ्या पोलादाचे पाते सांभाळायला सोपे. काम संपले की पाते दुमडून ठेवायचे किंवा अवजार आडवे करायचे, हा दंडक तमिळ व मराठी घरांत सारखाच कडक आहे.

नवरात्राच्या नवमीला तमिळनाडूत आयुधपूजा असते, महाराष्ट्रात खंडेनवमी. कारखान्यातल्या यंत्रांना, रिक्षांना, वह्यापुस्तकांना गंधकुंकू लागते, तसेच सुरी आणि अरुवामनैलाही लागते. पूजेत ठेवलेले अवजार त्या दिवशी वापरायचे नाही, म्हणून पुष्कळ घरांत भाजी आधीच चिरून ठेवतात.

सद्यःस्थिती : ओटा आला आणि बसून करायची कामे उभ्याने होऊ लागली, तेव्हा शहरी घरात सुरी, फळी व सोलणे यांनी अरुवामनैची जागा घेतली. गुडघेदुखी, लहान मुलांची भीती आणि सदनिकेतील अपुरी जमीन ही कारणे खरी आहेत. कल्याणमंडपांत लग्नाचा स्वयंपाक करणारे, खानावळी आणि मासळीबाजार यांनी ती सोडलेली नाही, कारण मणभर भाजीपुढे दोन मोकळ्या हातांना पर्याय नाही. ओट्याच्या कडेला पकडीने बसवायच्या छोट्या अरुवामनै दुकानांत मिळतात. फरसबी, भेंडी, गवार त्यांवर चांगली चिरली जाते. परंतु पायाचा व शरीराचा भार नसल्याने फणस किंवा सुरणासारख्या कामाला त्या कमी पडतात. त्यासाठी रुंद पाटाची, पाते न डुगडुगणारी जमिनीवरचीच घ्यावी.