मध्यवर्ती बँकेची बदलती भूमिका

देशाचे चलन, पतपुरवठा व सरकारी खाती सांभाळणाऱ्या सर्वोच्च बँकेस मध्यवर्ती बँक म्हणतात. निजामाच्या हैदराबाद संस्थानात अधिकृत चलन ‘हाली सिक्का’ हे होते, सुमारे 7 हाली रुपयांस ब्रिटिश हिंदुस्थानचे 6 ‘कलदार’ रुपये मिळत. या चलनाचे व्यवस्थापन 1942 मध्ये कामकाज सुरू केलेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे होते. ती व्यापारी बँकही असल्याने चलन-व्यवस्थापक व व्यापारी बँक या दोन्ही भूमिका एकाच संस्थेत नांदत होत्या. संस्थान भारतात विलीन झाल्यावर हाली नाणी टप्प्याटप्प्याने चलनातून गेली आणि चलनाचा अधिकार भारताच्या मध्यवर्ती बँकेकडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे, एकवटला. 1935 मध्ये भागधारकांची बँक म्हणून स्थापन झालेल्या या बँकेचे चिंतामणराव देशमुख हे पहिले भारतीय गव्हर्नर (1943–49) होत. 1949 मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे शेतीकर्ज व विकासवित्त यांवर तिने भर दिला. 1982 मध्ये ग्रामीण पतपुरवठ्याचे बरेचसे कार्य राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेकडे (‘नाबार्ड’) गेले. 2016 पासून ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित महागाई 4 टक्क्यांच्या आसपास (2 टक्के कमी-अधिक) राखणे, हे तिच्या पतधोरणाचे, म्हणजे व्याजदर व पैशाचा पुरवठा ठरविणाऱ्या धोरणाचे, मुख्य उद्दिष्ट आहे.