‘ऑडिशन’ची वाट : नाटक मंडळीपासून दूरचित्रवाणीच्या जाहिरातीपर्यंत नागपूरचा नट

‘ऑडिशन’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो मुख्यत्वे आकाशवाणीच्या द्वारे. ज्या लॅटिन धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. आकाशवाणीच्या व्यवहारात हा अर्थ अक्षरशः पाळला जाई. परीक्षक एका खोलीत, उमेदवार दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये केवळ ध्वनिक्षेपक. आज नागपूरचा एखादा तरुण नट ‘उद्या माझी ऑडिशन आहे’ असे म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्या मनात दूरचित्रवाणीवरील वा तत्सम एखादी जाहिरात असते. आणि तेथे त्याचे बोलणे कोणी ऐकेलच असा भरवसा नाही. शब्द तोच राहून त्याचा मूळ अर्थ गळून पडावा, ही भाषेच्या इतिहासात नवलाची गोष्ट नव्हे. परंतु ह्या अर्थलोपामागे नटाच्या उपजीविकेतील एक मोठे स्थित्यंतर दडलेले आहे. नटाची परीक्षा पूर्वी व्यवसायाच्या उंबरठ्यावर एकदाच होत असे. आता ती परीक्षा हाच त्याचा व्यवसाय होऊन बसली आहे. ही वाट कशी पडली आणि तीवर वऱ्हाड-नागपूरकडील बोलीचे काय झाले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ नाटक मंडळ्यांपासून केला पाहिजे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा नटाची निवड राजाश्रयातील परिचितांतून झाली. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले आणि गाणारा गळा ही नटाची पहिली पात्रता ठरली. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले. त्यांच्यामागे रिकामी राहिलेली जागा भरण्यासाठी किर्लोस्कर मंडळीस गळा हवा होता, आणि तो १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्या रूपाने मिळाला. ह्या प्रवेशानंतर जे घडले ते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. गोविंद बल्लाळ देवलांसारख्या तालीममास्तरांनी ह्या मुलाकडून शब्द घासून घेतला, अभिनय घोटून घेतला. म्हणजे परीक्षा थोडक्यात, शिक्षण मात्र दीर्घ. एकदा नट मंडळीच्या बिऱ्हाडात आला की त्याचे जेवण, राहणे, पगार आणि आजारपण हे सारे मंडळीच्या माथी. ह्या व्यवस्थेत जुलूम नव्हता असे कोणी म्हणणार नाही. बालनटांचे हाल, थकलेले पगार, मालकांच्या लहरी ह्यांच्या कहाण्या पुष्कळ आहेत. पण उद्या आपण नट आहोत की नाही, हा प्रश्न त्या नटास रोज पडत नसे.

वऱ्हाड-नागपूरकडे ह्या मंडळ्यांचे मुक्काम वारंवार पडत. त्यांच्याबरोबर येई ती रंगभूमीची भाषा पुण्या-सांगलीकडची, आणि तीच ‘शुद्ध’ ही समजूतही तिच्याबरोबरच रुजत गेली. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी ह्या बोलींची नोंद स्वतंत्रपणे केलेली आहे. ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘मी जात आहे’ऐवजी ‘मी जाऊन राहिलो’ : ही वैशिष्ट्ये आपणां सर्वांच्या कानांत आहेत. ज्या भूमीत, रिद्धपुरास, तेराव्या शतकात मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाला, त्याच भूमीच्या बोलीस पुढे रंगमंचावर विनोदी नोकराच्या तोंडची भाषा म्हणून जागा मिळावी, ह्यातील विपर्यास वेगळा सांगावयास नको.

नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि स्थानिक नटास प्रथमच गावातल्या गावात एक नवा आश्रय लाभला. १९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत गायक-वादकांच्या ध्वनिपरीक्षेची पद्धत कडक झाली आणि तीवरून वादळही उठले. नाट्यविभागातील आवाजांनाही परीक्षा आणि श्रेणी ह्यांचा नियम लागू होता. ह्या पद्धतीवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तरी एक गोष्ट तिच्या बाजूने नोंदविली पाहिजे : ह्या परीक्षेचा निकाल लागत असे. उत्तीर्ण नटास श्रेणी मिळे, श्रेणीनुसार मानधन ठरे, आणि अनुत्तीर्णास पुन्हा केव्हा बसता येईल हेही ठाऊक असे. बोलीच्या बाबतीत आकाशवाणीने दुहेरी व्यवस्था ठेवली. निवेदन व नागर नाटक ह्यांसाठी प्रमाण उच्चार, आणि ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमांसाठी बोली. त्यामुळे नागपूरचा चांगला ध्वनिनट दोन जिभांचा असे, आणि दोन्ही जिभांना काम मिळे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी नागपुरात उभी केलेली रंजन कला मंदिर ही संस्था आणि त्यांचे आकाशवाणीवरील काम एकत्र पाहिले, म्हणजे हौशी रंगभूमी व नभोवाणी ह्यांची त्या काळी किती जवळीक होती ते कळते.

ह्या जवळिकीत जाहिरात शिरली ती १ नोव्हेंबर १९६७ रोजी. ‘विविध भारती’वरील जाहिरातसेवेचा पहिला प्रयोग मुंबई, पुणे आणि नागपूर ह्या केंद्रांवर झाला, ही घटना आपल्या नगराच्या सांस्कृतिक इतिहासात जितकी ठळकपणे यावयास हवी तितकी आलेली नाही. देशात सरकारी नभोवाणीवरून जाहिरात ऐकणाऱ्या पहिल्या श्रोत्यांत नागपूरकर होते. तत्पूर्वी जाहिरातीचा आवाज ऐकावयाचा तो रेडिओ सिलोनवर. पण श्रोते नागपूरचे असले तरी आवाज नागपूरचा असणे आवश्यक नव्हते. राष्ट्रीय पातळीवर खपणाऱ्या मालाच्या जाहिराती मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत तयार होत आणि फिती केंद्राकडे येत. केंद्राने दिलेली श्रेणी केंद्राच्या कामापुरती. जाहिरातदाराने कोणाचा आवाज घ्यावा हे त्या श्रेणीवरून ठरत नसे. नटाचे मोल ठरविणारी संस्था आणि त्याला काम देणारी संस्था ह्यांची फारकत येथे झाली.

जाहिरातीत नटांनी यावे ही कल्पना तोवर जुनी झाली होती. ‘नाट्यमन्वंतर’च्या रंगभूमीवर वावरलेल्या लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत दिसल्या, त्या साबणाची शिफारस करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रतारका मानल्या जातात. परंतु तेथे परीक्षेचा प्रश्नच नव्हता. कीर्ती आधी मिळविलेली होती आणि ती विकत घेतली गेली. दूरचित्रवाणीने जी मागणी निर्माण केली ती निराळी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती घेण्यात येऊ लागल्या, १९८२ मध्ये रंग आला व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आता हवा होता तो अनोळखी चेहरा : शेजारची गृहिणी, कचेरीतला कारकून, शाळेत निघालेले मूल, दंतमंजन घेणारे आजोबा. प्रेक्षकाने त्यास ओळखू नये, पण ‘असा माणूस आपल्या ओळखीचा आहे’ असे मात्र त्याला वाटावे. अनोळखीपणा ही पात्रता ठरली की अनुभव साचत नाही. उलट फार दिसलेला चेहरा अडचणीचा होतो. पगारी नटाच्या पूर्वापार कल्पनेला ह्याहून मोठा छेद दुसरा गेला नसेल.

ह्याच काळात वाणी आणि चेहरा ह्यांची ताटातूट झाली. राष्ट्रीय कार्यक्रमामुळे मूळ जाहिरात हिंदीत चित्रित करावयाची आणि मग इतर भाषांत आवाज चढवावयाचे, ही रीत सोयीची ठरली. भाषाभ्यासकास येथे विपुल सामग्री आहे. हिंदी वाक्य ‘है’ह्या एका अक्षरावर संपते, मराठीस ‘आहे’ची दोन लागतात, तीस सेकंदांच्या हिशेबात हे अक्षरही जड होते. पडद्यावरील ओठ प, ब, म ह्या वर्णांस मिटतात, तेथे मराठी शब्दातही ओष्ठ्य वर्ण शोधावा लागतो. परिणामी क्रियापद गाळलेली वाक्ये आणि ‘मिळवा’, ‘अनुभवा’ असे आज्ञार्थ ह्यांची एक स्वतंत्र मराठी तयार झाली. तिला कृत्रिम म्हणून हिणविणे सोपे आहे. ती ओठांच्या मापाने बेतलेली मराठी आहे, एवढेच. परंतु नटाच्या दृष्टीने पाहता पडद्यावर हसणारा मराठी माणूसदेखील दुसऱ्याच्या मराठीत बोलू लागला. नागपूरहून गेलेल्या नटाचा ‘ण’ कच्चा असला तरी त्याचे आता काही बिघडत नव्हते. त्याचा चेहरा चाले, आणि वाणी मुळी लागतच नसे. दोष लपला ह्याचा आनंद मानावा की वाणी गेली ह्याचे दुःख, हे ज्याचे त्याने ठरवावे; मला तरी हा सौदा महाग वाटतो.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे वळू. तिची रीत ह्या व्यवसायात सर्वश्रुत आहे. नागपूरचा नट विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून मुंबईस उतरतो आणि अंधेरी-वर्सोव्याकडे जातो. तेथील आराम नगरच्या जुन्या बैठ्या घरांतून अशा चाचण्यांची कार्यालये दाटलेली आहेत. नाव नोंदवून तो रांगेत बसतो. ज्या भूमिकेसाठी तो आला त्याच भूमिकेसाठी आलेले, त्याच वयाचे, तशाच शर्टातले अनेक जण शेजारी असतात. पाळी आली की कॅमेऱ्यापुढे नाव, वय, उंची सांगावयाची. डावी बाजू, उजवी बाजू दाखवावयाची. तळहात पुढे-मागे करून दाखवावयाचे, कारण वस्तू ह्याच हातांत धरावयाची असते. प्रतिस्पर्धी मालाची जाहिरात अलीकडे केली आहे काय, अमुक तारखा मोकळ्या आहेत काय, हेही विचारले जाते. मग चहाचा एक घोट, एक आश्चर्य, एक स्मित. दोन-तीन मिनिटांत सारे आटोपते. ह्या चित्रफितीत नटाने स्वतःच्या नावाखेरीज एकही अर्थपूर्ण शब्द उच्चारलेला नसतो, असे कित्येकदा घडते.

पुढील निर्णय त्याच्यापासून फार दूर होतो. निवड करणारा, दिग्दर्शक, जाहिरातसंस्था आणि अखेर मालाचा धनी अशा पायऱ्या चढत ती चित्रफीत जाते. धन्याची व नटाची भेट बहुधा होतच नाही. नाव ‘शॉर्टलिस्ट’मध्ये आले तर तारखा राखून ठेवाव्या लागतात, आणि राखलेल्या तारखांचे पैसे मिळत नाहीत. नकार कळविण्याची चाल नाही. फोन आला नाही म्हणजे समजावयाचे. निवड झालीच तर एका दिवसाचे काम आणि त्याचे पैसे काही महिन्यांनी. शिवाय करारानुसार त्याच प्रकारच्या दुसऱ्या मालाची जाहिरात ठराविक मुदतीपर्यंत करता येत नाही. म्हणजे एका चहाने मोबदला दिला की बाकीचे सर्व चहा बंद. प्रवास, मुक्काम आणि प्रतीक्षा हे नटाच्या श्रमाचे बहुतांश भाग झाले, आणि नेमक्या ह्याच भागास मोल नाही. नाटक मंडळीत तालमीच्या काळातही नट मंडळीच्या पंगतीला बसत असे, हे येथे स्मरते.

तुलनेसाठी फार दूर जावयास नको. पूर्व विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी आजही जिवंत आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. तेथे मंडळ्यांची कार्यालये मांडलेली असतात आणि गावोगावचे लोक येऊन नाटक ठरवून जातात. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि मंडईच्या वा शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर प्रयोग चालतात. येथे नटाची परीक्षा गाव करते, त्याच रात्री करते, आणि तिचा निकाल पुढील हंगामाच्या मागणीत उतरतो. नट जितका ओळखीचा तितकी त्याची ‘नाइट’ मोठी. ह्या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नागपूरचे कित्येक नट हिवाळ्यात झाडीपट्टीत आणि एरवी मुंबईच्या रांगेत असा वर्षाचा हिशेब बसवितात. एकाच माणसाला वर्षातून दोनदा नटाच्या दोन परस्परविरुद्ध व्याख्या जगाव्या लागतात.

बोलीची कथा मात्र येथेच थांबत नाही. १९९९ मध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ ह्या वाहिन्या सुरू झाल्या आणि मराठीतच कल्पिलेल्या जाहिरातीस वाव मिळाला. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने १९८५ सालीच वऱ्हाडीस गंभीर रंगमंचावर प्रतिष्ठेने आणले होते; बाजाराला तिची गोडी कळली ती पुष्कळ नंतर, विनोदाच्या वाटेने. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी महाराष्ट्रभर ऐकली गेली. ‘झुंड’ (२०२२) ह्या हिंदी चित्रपटासाठी नागराज मंजुळे यांनी नागपूरच्या वस्त्यांतील मुले निवडली, ती त्यांच्या बोलण्यासकट. आता चाचणीत ‘जरा विदर्भाकडचे बोला’ अशी फर्माईश होते. बोलावयाचे ते मात्र परीक्षकाने ऐकलेले, ठरीव वऱ्हाडी : ‘काऊन’, ‘मले’, ‘राहिलो’ एवढ्या तीन खुणांत मावणारे. झाडीकडचा नट, ज्याच्या बोलीत ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘र’ येतो, तो ह्या फर्माइशीपुढे परक्यासारखा उभा राहतो. त्याला आधी मुंबईच्या कानातले वऱ्हाडी शिकावे लागते.

२०२०च्या महामारीपासून पहिली चाचणी घरच्या घरी फोनवर चित्रित करून पाठविण्याची पद्धत सर्वत्र पडली. मागची भिंत कोरी हवी, उजेड समोरून हवा, पंखा बंद हवा. नागपूरच्या नटाचे गाडीभाडे वाचले. पण जे अंतर त्याला आडवे येत होते तेच इतर अनेकांनाही आडवे येत होते. ते मिटताच कोल्हापूर, नांदेड, इंदूर, रायपूर येथील चित्रफितीही त्याच पेटीत येऊन पडू लागल्या. उत्तर न येण्याची चाल तशीच राहिली. फरक एवढाच की पूर्वी निदान रांगेत बसलेल्या शेजाऱ्यांकडून कोणाची निवड झाली हे कानावर येई. आता जाहिरात दूरचित्रवाणीवर दिसू लागली म्हणजे कळते.