हिरड्यांचा विकार आणि निदान न झालेला मधुमेह

परिदंतशोथ, म्हणजे बोलीभाषेतला पायरिया, हा दातांभोवतीच्या हिरड्या व हाड झिजवणारा दीर्घकालीन दाह. उतारवयात तो छुप्या मधुमेहाची खूण असू शकतो. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची क्षमता घटते, जखमा उशिरा भरतात. उलट, हिरड्यांतील दाहद्रव्ये रक्तात मिसळून इन्शुलिनचा परिणाम कमी करतात. दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी १९९३ मध्ये परिदंतशोथाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. अनेकांना आपला आजार ठाऊकच नसतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः वयस्क स्त्रियांत, मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावण्याची सवय आहे आणि तिथे हिरड्यांच्या विकाराचे निदान आणखी अवघड होते: तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे हिरडी आतून पोखरली तरी रक्त कमी येऊ शकते. म्हणून भिवपुरी, नेरळ किंवा खालापूरसारख्या ग्रामीण भागातल्या एखाद्या आजींचे दात हलू लागले, तर ‘वय झाले’ एवढ्यावर थांबणे घातक आहे. वारंवार हिरडी सुजणे, पू येणे, तोंड कोरडे पडणे, रात्री लघवीला उठावे लागणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास रक्त तपासावे. उपाशीपोटी साखर दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम वा अधिक, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेह मानतात. इतर ठळक लक्षणे नसल्यास चाचणी पुन्हा करतात. हिरड्यांखालील कीटण काढून उपचार केल्यावर मधुमेहींचे एचबीएवनसी तीन-चार महिन्यांत सरासरी सुमारे ०.४ टक्के-अंकांनी उतरते.