वायर जाईन तठी

अकोल्याच्या गॅरेजांत एके काळी गाडी अडली की आधी प्लग काढायचा, मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण. ठिणगी पडतेय, कार्बोरेटरात पेट्रोल उतरतंय, म्हणजे गाडी चालू होणारच. अँबॅसिडर असो, पद्मिनी असो की १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, हिशेब एकच.

१९९८मध्ये सँट्रो आणि मॅटिझ कार्बोरेटरऐवजी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी यंत्रणा, घेऊनच उतरल्या. २९ एप्रिल १९९९ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना धुराची युरो मानकं लावली आणि कार्बोरेटरचे दिवस भरले. १ एप्रिल २००५पासून भारत स्टेज दोन हे धुराचं मानक देशभर लागू झालं. आमच्या हाती या गाड्या आल्या त्या बहुतेक सेकंडहँड, सोबत कागद नाही की वायरिंगचा नकाशा नाही. पेट्रोल किती सोडायचं हे आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवणार, पण तो बसवलाय कुठं?

आमचे उस्ताद म्हणायचे, ‘‘खोकं नको शोधू बे, वायर धर. वायर जाईन तठी जाय.’’ इंजेक्टरपासूनचा जाड हार्नेस हाताने चाचपत मागे यायचं. फायरवॉलच्या रबरी बुचातून तो केबिनमध्ये शिरतो. पुष्कळ छोट्या गाड्यांत ग्लव्ह बॉक्स उतरवून हात आत घातला की ॲल्युमिनियमची चपटी पेटी लागते. काहींत ती बॉनेटखाली, बॅटरीशेजारी. कनेक्टर ओढण्याआधी चावी बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी, यात उस्तादांनी कधी सूट दिली नाही. पिना हिरव्या पडल्या असतील तर वरून पाणी झिरपलंय हे समजावं. आमच्या वऱ्हाडात उंदरांचंही बघावं लागतं. सरकीच्या गोदामाशेजारी महिनाभर उभी राहिलेली गाडी आली, की मी आधी हार्नेसवरची टेप तपासतो.

जुन्या मारुतीच्या ईसीएमचे दोषाचे कोड वाचायला मी अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका मिस्त्रींकडे शिकलो. डायग्नोसिस कपलरच्या ठरावीक दोन पिना तारेने जोडायच्या नि चावी फिरवायची, की चेक लाइट लुकलुकायला लागतो. एकदा, जरा थांबून दोनदा, म्हणजे १२ : ईसीएमला दोष दिसत नाही. अशा कोडांची कागदावर लिहून ठेवलेली यादी मला कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाची वाटते.

आता स्कॅनर आलेत, चांगलेच आहेत. पण चावी लावूनही चेक लाइट लागत नसेल आणि स्कॅनरही गाडीशी बोलत नसेल, तर ईसीएम बाद म्हणून गिऱ्हाइकाला खर्चात घालू नये. आधी फ्यूज, मग मेन रिले, मग इंजिनावरची अर्थिंग बघावी.