देवदासींची इनामे आणि १९२९ ची दुरुस्ती

सामाजिक सुधारणेच्या कायद्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा भाषणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ठराव कोणी मांडला, विरोध कोणी केला, हे सारे सापडते. परंतु कायद्यामुळे कोणाच्या नावावर काय चढले आणि कोणाच्या नावावरून काय उतरले, याची चौकशी क्वचितच होते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्याबाबत असेच घडले आहे. देवदासी प्रथेविरुद्ध लढलेल्या म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, पण त्यांनी घडवून आणलेली १९२९ ची दुरुस्ती एका ओळीत आटोपते. माझ्या मते त्यांच्या विधिमंडळातील कामांपैकी सर्वांत विचारपूर्वक केलेले काम तेच होय.

मुथुलक्ष्मींचा जन्म १८८६ साली पुदुकोट्टै संस्थानात झाला. वडील ब्राह्मण व शिक्षणखात्यातले. आई चंद्रम्माळ देवदासी परंपरेच्या कुटुंबातील. हा प्रश्न त्यांनी पुस्तकांतून उचललेला नव्हता, हे यावरून ध्यानात यावे. १९१२ साली त्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. मद्रास इलाख्यात स्त्रियांना मताधिकार १९२१ साली मिळाला होता, पण सभासद होण्याची वाट १९२६ मध्ये मोकळी झाली. त्याच वर्षी सरकारने त्यांना विधान परिषदेवर नेमले आणि सभागृहाने त्यांना उपाध्यक्ष निवडले. ब्रिटिश हिंदुस्थानातील विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी देणे-घेणे भारतीय दंडविधानाच्या ३७२ व ३७३ या कलमांनी १८६० पासूनच गुन्हा ठरविले होते. मग नवा कायदा कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जाई. अडचण पुराव्याची होती. मुलीला देवाला वाहण्याचा विधी लहानपणी होई. पुढे तिच्या वाट्याला जे येई ते काही वर्षांनी. विधीच्या वेळी हेतू सिद्ध करायचा कोणी? फिर्याद द्यायची तर घरातल्याच माणसांविरुद्ध. ज्या मुलीवर अन्याय होई तिला न्यायालयापर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती, आणि पोहोचलीच तर सुटकेनंतर राहायचे कोठे, याचे उत्तर दंडविधानात नव्हते.

प्रथेचा दुसरा धागा महसूलखात्यात होता. आपल्याकडे देवस्थान इनामे होती तशीच तमिळ प्रदेशातही होती. तंजावरच्या मंदिरांतील नृत्यसेवेला तेथील भोसल्यांच्या दरबाराचाही आश्रय असे. मंदिरात नृत्य-गायनाची सेवा करणाऱ्या कुटुंबाकडे सेवेच्या मोबदल्यात जमीन असे. काही ठिकाणी मेलवारम, म्हणजे सरकारी साऱ्याचा वाटा, तेवढाच त्यांच्याकडे असे. काही ठिकाणी कुडिवारम, म्हणजे प्रत्यक्ष कसणुकीचा हक्कही. मात्र जमीन चाकरीला बांधलेली. चाकरी थांबली की इनाम जाणार. म्हणजेच जमीन राखायची तर प्रत्येक पिढीत एखादी मुलगी, पोटची किंवा दत्तक घेतलेली, देवाला वाहणे भाग होते. श्रद्धेचा भाग मी नाकारीत नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे सर्वप्रथम दिसते ती वारसाची व्यवस्था. अशा घराला केवळ शिक्षेची भीती घालणे म्हणजे उपासमार की तुरुंग, यांतून निवड करायला सांगणे होते.

मुथुलक्ष्मींनी १९२७ साली परिषदेत प्रथेविरुद्ध ठराव मांडला व तो संमत झाला. त्यानंतर त्यांनी थेट शिक्षेचा कायदा न आणता मद्रास हिंदू धर्मादाय कायद्यात दुरुस्ती सुचविली. १९२९ चा पाचवा अधिनियम तो हाच. त्याने देवदासीकडील इनाम जमीन चाकरीच्या अटीतून मोकळी केली. तिच्यावर हलका सारा बसवायचा, महाराष्ट्रातील जुन्या महसुली भाषेत जुडी, आणि जमीन बाईकडे राहू द्यायची. केवळ साऱ्याचा वाटा असेल तेथे तो तिच्याकडे हयातभर ठेवायचा. यानंतर मंदिराला तिच्याकडून सेवा मागण्याचा कायदेशीर अधिकार उरला नाही. कोणाला तुरुंगात न धाडता मुलगी वाहण्यामागचे कारणच काढून घेतले गेले. कलमाचा मसुदा करणाऱ्याला महसुलाची जाण होती, एवढे मी खात्रीने म्हणेन.

या प्रयत्नांना विरोध सनातन्यांचाच होता असे नव्हे. मद्रासमधील देवदासींनीही सरकारकडे निवेदने दिली. त्यांत विख्यात गायिका बंगळूर नागरत्नम्मा पुढे होत्या. आम्हाला वेश्या ठरवू नका, आमची विद्या व आमचा मालमत्तेचा हक्क पाहा, असा त्यांचा रोख होता. दुसऱ्या बाजूला त्याच समाजातून आलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्मैयार प्रथेविरुद्ध गावोगाव बोलत होत्या. नागरत्नम्मांचे म्हणणे झटकून टाकावे असे मला वाटत नाही. या कुटुंबांत मालमत्ता मुलींकडे जात असे, ही त्या काळी दुर्मीळच गोष्ट. अमृत श्रीनिवासन यांनी १९८५ साली आपल्या निबंधात दाखवून दिले की, सुधारणेनंतर त्या समाजात लाभाचे पारडे पुरुषांकडे झुकले. दुरुस्तीने जमीन सोडविली; पुढच्या पिढीत ती कोणाच्या हाती राहील, हा वेगळा प्रश्न होता.

शिक्षेचे विधेयकही मुथुलक्ष्मींनी पुढे आणले, परंतु १९३० साली गांधीजींना अटक झाली तेव्हा त्यांनी परिषदेचा राजीनामा दिला आणि ते मागे पडले. त्याच सुमारास देवदासी घरांतील काही मुली आश्रय मागत त्यांच्या दारी आल्या. वसतिगृहे त्यांना घेईनात, म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवले. अड्यारच्या अव्वै होमची सुरुवात ही अशी. दंडविधानात नसलेले उत्तर त्यांना खाजगीरीत्या द्यावे लागले. मद्रासचा प्रतिबंधक कायदा अखेर १९४७ साली झाला.

मुंबई इलाख्याने मात्र १९३४ सालीच देवदासींना वाहणे बेकायदा ठरविले होते. तरीही सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडणे थांबले नाही. कर्नाटकाला १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा कायदे करावे लागले. या जोगतिणी बहुतांश भूमिहीन दलित कुटुंबांतल्या, उपजीविका जोगव्यावर. अटीतून मोकळे करायला त्यांच्याकडे इनामच नव्हते. दोन्ही राज्यांना त्यांच्यासाठी पुढे मासिक अनुदानाची तरतूद करावी लागली, ती याच कारणाने.